चिंचेने घासलेल्या चाळण्या

मृदुलाच्या घरी आमटीत चिंच नसते, आमसूल असतं. नाशिकची बाई, भांडी बाजारातल्या पितळेच्या दुकानामागे वाढलेली, चिंचगुळाच्या आमटीवर पोसलेली, आणि घरात चिंचेचं बुटूकसुद्धा ठेवत नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "पित्त होतं गं." साफ खोटं. या बाईला दगड पचतात. खरी गोष्ट वेगळी आहे, आणि ती मलाच सांगायला हवी, कारण मृदुला ती सांगत नाही आणि तिचा नवरा यतीन सांगतो तेव्हा विनोद म्हणून सांगतो.

मी शलाका, ठाण्याची. अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये मृदुलाच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहते. एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधणं हा माझा धंदा. मला राग लवकर येतो हे इथल्या सगळ्या मराठी बायकांना ठाऊक आहे, आणि ही गोष्ट सांगताना तो आवरायचा माझा मुळीच विचार नाही.

मृदुला पुण्यात पुरातत्त्व शिकली. एम.ए. झाली, नंतर उत्खननाच्या छावणीत दोन हंगाम काढले. उन्हात बसून खापरांची चित्रं काढायची, रात्री तंबूत विंचू झटकून झोपायचं. ते दिवस सांगताना ती अजूनही हात हलवत बोलते, एरवी तिचे हात मांडीवर असतात. मग यतीनचं स्थळ आलं, मुलगा आयटीत, परदेशी जायची शक्यता. घरच्यांनी विचारलं, मातीत किती दिवस खेळणार? लग्न झालं, सलोनी झाली, आणि यतीनच्या कंपनीनं त्याला इकडे, माझ्याच बँकेच्या कामावर पाठवलं. त्याला कुशल कामगाराचा परवाना आणि हिला कुशल कामगाराच्या बायकोचा.

तसं बघितलं तर हिला नोकरी करायला कायद्यानं आडकाठी नव्हती. आडकाठी बाकी सगळ्यांची होती. ती चिकाटीनं डच शिकली, आमच्यातल्या कुणालाही येत नाही इतकं चांगलं शिकली. खेमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, कुणाचं काम अडलं, हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, कुणाच्या सासूला न्यायचं असलं, की मृदुलाला बोलवा. अर्ज करत राहिली. उत्तरं नेहमी गोड यायची, आपली पात्रता फारच चांगली आहे, पण. त्या 'पण'च्या पुढचं ती मला वाचून दाखवायची नाही. पाळणाघरात मुलं सांभाळली, गोदामात खोकी भरली. रविवारी मंडळाच्या मराठी वर्गात शिकवायची, तिथे मुलं तिला इंग्रजीत उत्तरं द्यायची. त्यात तिची स्वतःची सलोनीही असायची.

अशी बरीच वर्षं गेली आणि मग तिला ती प्रयोगशाळा सापडली.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका संस्थेची छोटी प्रयोगशाळा होती. जुन्या मडक्यांत, गिलाव्यात काय मुरलंय ते शोधायचं हे तिथलं काम. तिथे त्यांना आठवड्यातून दोन दिवस मदतीला माणूस हवा होता. पगार नाही, स्वयंसेवक म्हणून. या देशात स्वयंसेवक हा फार मानाचा शब्द आहे. फुकट राबणाऱ्याला इतका मान मी दुसऱ्या कुठल्याच देशात पाहिला नाही. मृदुलाला मात्र पगाराचं सुचलंसुद्धा नाही. पहिल्या दिवशी ती ट्रामनं घरी आली ती सरळ माझ्याकडे. नखांत माती होती आणि ती मला दाखवत होती, नव्या बांगड्या दाखवाव्यात तशी.

प्रयोगशाळेची मुख्य हिल्डे नावाची उंच, हसतमुख बाई. भूमध्य समुद्राच्या पूर्वेला एका टेकडीवर ती दर उन्हाळ्यात खणायला जायची. तिथे फार जुन्या, चौथ्या-पाचव्या शतकातल्या चर्चचा पाया सापडला होता. चर्चच्या भिंतीला लागून एक उतरती फरशी, फरशीवरून निघालेली पन्हळ, आणि पन्हळीच्या तोंडाशी गिलावा केलेलं खोल कुंड. कुंडाच्या काठावर कुणीतरी टोकदार हत्यारानं क्रूस कोरलेला. हिल्डेचं म्हणणं असं, की इथली ख्रिस्ती मंडळी फरशीवर द्राक्षं तुडवून चर्चच्याच अंगणात वाईन करत होती, प्रार्थनेत जी लागते ती. दुसरे विद्वान म्हणत, कशावरून? तेलाच्या घाण्यालाही अशी कुंडं असतात. किंवा नुसतं पावसाचं पाणी साठवत असतील. क्रूस कोरला म्हणून आत वाईन होती असं होत नाही. गिलाव्यात आणि आजूबाजूच्या रांजणांच्या खापरांत द्राक्षाचा अंश मिळायला हवा.

मृदुलाचं काम म्हणजे ते गिलाव्याचे आणि खापरांचे तुकडे खलात कुटायचे, चाळायचे, आणि ती पूड पुढच्या तपासणीसाठी बाटल्यांत भरायची. नाशिकला आजूबाजूला सगळी द्राक्षंच, पण या बाईनं वाईनचा थेंब कधी चाखलेला नाही. आणि संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मला सांगायची, "अनवाणी तुडवायचे गं. बाया, पुरुष, सगळे. तुडवताना काहीतरी म्हणत असणार ना? भजनासारखं? फरशी मध्ये झिजलीय, फोटोत दिसतं. इतकी वर्षं इतके पाय." मी कणीक मळत हं हं म्हणायची. मला त्या लोकांचं सोयरसुतक नव्हतं. मृदुला इतकं बोलतेय याचंच मला नवल होतं.

एक दिवस ती जिन्यात मला गाठून म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं. नक्की नाहीये." आणि सांगितलं. कुंडात वाईन होती असं सिद्ध झालं, तर हिल्डेला मोठा प्रकल्प मिळणार. प्रकल्प मिळाला की एक सहायक लागणार. पगारी. आणि हिल्डे म्हणाली होती, "मृदुला, मला ती जागा तुलाच द्यायची आहे." हे कुणाला सांगू नकोस म्हणणारीनं संध्याकाळपर्यंत स्वतःच आईला नाशिकला, बहिणीला संगमनेरला आणि वरच्या मजल्यावरच्या जयंतीताईंना सांगून झालेलं होतं.

आता चाळण्यांबद्दल सांगते. त्या पितळेच्या होत्या. गोल, बारीक जाळीच्या, कुणा जुन्या प्रोफेसरच्या काळातल्या. काळ्या ठिक्कर पडलेल्या, कडांना हिरवट कळकलेल्या. प्रकल्पाला पैसे देणारी मंडळी प्रयोगशाळा बघायला यायची होती. हिल्डे सगळ्यांसमोर म्हणाली, "या चाळण्या बघून लाज वाटते, कुणीतरी साफ करा रे." कुणी मान वर केली नाही. मृदुलानं विचारलं, "घरी नेऊन करू का?" हिल्डे म्हणाली, "करशील? किती छान!" हे शब्द मी मुद्दाम इथे लिहून ठेवते आहे, पुढे लागणार आहेत.

पितळ काळं पडलेलं मृदुलाला बघवत नाही. त्यांच्या दुकानात दसऱ्याच्या आधी सगळं घर भांडी घासायला बसायचं. समया, घंगाळं, तांबे, देवाची ताम्हनं. घासायचं कशानं, तर चिंचेनं. हिच्या आईनं दुसऱ्या कशाला दुकानात पाऊलच ठेवू दिलं नाही. त्या शनिवारी मी कपडे वाळत घालायला बाहेर आले तर वर गॅलरीत मृदुला बसलेली. शेजारी परातीत चिंचेचा कोळ, मीठ, नारळाची शेंडी. ती इथे तिला कुठे मिळाली देव जाणे. चाळणीची एकेक कड बोटानं चेपून घासत होती आणि चक्क गुणगुणत होती. नंतर नळाखाली खळखळून धुतल्या, उन्हात ठेवल्या. ऊन होतं त्या दिवशी, म्हणजे बघा. त्यातली एक मला खाली वाकून दाखवली. "बघ, आरसा!" खरंच, तिचं नाक दिसत होतं त्यात.

सोमवारी हिल्डेनं चाळण्या बघून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना बोलावून दाखवल्या. मृदुलानं त्या चाळण्यांतून गिलावा चाळला, खापरांची पूड चाळली, बाटल्या भरल्या, वर चिठ्ठ्या लावल्या, आणि नमुने यंत्रावर गेले.

निकाल आला त्या दिवशी हिल्डेनं मोठा केक आणला आणि एक वाईनची बाटली उघडली. कुंडात द्राक्ष होतं. नुसतं होतं असं नाही, भरपूर होतं. गिलाव्यात, रांजणांत, सगळीकडे. आसपासच्या साध्या मातीत मात्र ते नव्हतं, म्हणजे ते मातीतून झिरपलेलं नव्हतं. ही माती तिकडे खणायच्या जागीच प्लॅस्टिकच्या चाळणीनं चाळून आलेली होती, पण त्या दिवशी ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. हिल्डेनं मृदुलाच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाली, "आपली सहायक!" मग नव्या विद्यार्थ्यांना समजावून सांगायला लागली. द्राक्षात टार्टारिक अ‍ॅसिड असतं, आणि त्या भागात दुसऱ्या कशातच ते इतकं नसतं, म्हणून ते सापडलं की द्राक्षाची सही मिळाली असं समजायचं. "हां, एक फळ आहे ज्यात त्याहूनही जास्त असतं," ती हसत म्हणाली. "टॅमरिंड. पण त्या टेकडीवर त्या काळी चिंच कोण घेऊन जाणार?"

सगळे हसले. मृदुलाच्या एका हातात केकची बशी होती आणि दुसऱ्यात आयुष्यातला पहिला वाईनचा ग्लास, न प्यायलेला. तीही हसली म्हणे. तिनंच मला सांगितलं, "मीपण हसले गं."

ट्राममधून उतरून ती सरळ माझ्याकडे आली. बूटसुद्धा काढले नाहीत, तशीच ओट्याला टेकून उभी राहिली. मी त्या दिवशी घरूनच काम करत होते. तिनं सगळं सांगितलं, मी लॅपटॉप मिटला.

"पण तू धुतल्या होत्यास ना? मी बघितलंय."

"कडेला खाच असते. जाळी जिथे कडेत बसवलेली असते तिथे. तिथला कोळ नुसत्या पाण्यानं नाही जायचा. घरच्या ताम्हनाला काय फरक पडतो? कुणी यंत्रात घालून बघत नाही."

"अगं, पण वाईनही असेल ना खरंच?"

"असेल. पण आता कळायचं कसं?"

मी तिला म्हटलं, गप्प बस. स्पष्ट सांगते, मी असंच म्हटलं, आणि आजही तेच म्हणेन. म्हटलं, कुणाचं काय बिघडतंय? कुणी मरणार आहे? दीड हजार वर्षांपूर्वीचं कुंड आहे, त्यात तेल होतं का पाणी, त्या बिचाऱ्या लोकांना आता काय त्याचं! तुला जागा मिळतेय, इतक्या वर्षांनी मिळतेय, ती घे आणि चिंचेचं नाव काढू नकोस. ती म्हणाली, "मला ते काम हवंय, शलाका. तेच काम. खोटं असलं तर ते काम कुठे राहिलं?" मी तिच्यावर ओरडले. एवढं शहाणपण सुचतं तर आधी गरम पाण्यानं का नाही धुतल्यास म्हणाले. ती रडली नाही. मला वाटतं रडली असती तर बरं झालं असतं.

यतीन ऑफिसमधून आला तेव्हा मी वरतीच होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुला कोणी सांगितलं होतं एवढं चकाकवायला?" मग म्हणाला, "आणि प्लीज, आता कुठे तोंड उघडू नकोस. पर्मनंट रेसिडन्सचं चालू आहे, उगाच कशात नाव नको." आणि मग त्याला हसूच फुटलं. चिंच, चिंच म्हणत सोफ्यावर आडवा झाला. वाईट माणूस नाही तो. पण बायकोचं काम हे त्याच्या लेखी छंदवर्गासारखं होतं, आणि छंदवर्गात घोटाळा झाला की लोक हसतातच.

दुसऱ्या दिवशी मृदुलानं हिल्डेला सांगितलं.

हिल्डेनं उठून मृदुलाला मिठी मारली. म्हणाली, तुझ्या प्रामाणिकपणाला तोड नाही. मग त्यांनी स्वच्छ वाळू घेतली, त्या चाळणीतून चाळली आणि यंत्रावर लावली. वाळूतही द्राक्ष निघालं! आता मी चुका शोधणारी बाई आहे, माझं डोकं इथे फिरतं. प्रोग्रॅम तपासायचा तर आधी त्याला रिकामी फाईल देऊन बघायची, काही नसताना काय उत्तर देतो ते बघायचं. आमच्याकडे नव्यानं लागलेल्या पोरालाही हे पहिल्या आठवड्यात कळतं. नुसती वाळू चाळून बघायची ही गोष्ट निकालाच्या आधी करायची होती, केक खाऊन झाल्यावर नव्हे. आणि ती करायचं काम पगार घेणाऱ्यांचं होतं. मृदुला हे कुणाला बोलली नाही. मी तिला म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर, मी बोलते. तर मला हात जोडले तिनं.

नंतर मीटिंग झाली. हिल्डे आणि वरचे दोन साहेब. चुका होतात म्हणाले. हे व्यक्तिगत घेऊ नकोस म्हणाले. इथे हे वाक्य आलं की समजायचं, आता जे येईल ते सगळं व्यक्तिगतच. प्रकल्पाच्या विश्वासार्हतेसाठी यापुढे स्वयंसेवकांना नमुने हाताळता येणार नाहीत, असं ठरलं. स्वयंसेवक तिथे एकच होती. मृदुलानं एवढंच विचारलं, "चाळण्या साफ करायला तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"सांगितलं होतं," हिल्डे म्हणाली. "चिंचेनं कर असं नव्हतं सांगितलं."

निघताना तिला फुलांचा गुच्छ दिला आणि दुकानात वापरायचं भेटकार्ड दिलं. पुढच्या आठवड्यात राहिलेला डबा आणायला गेली तर तिच्या कार्डानं दार उघडलं नाही. रिसेप्शनवरच्या मुलीनं डबा बाहेर आणून दिला. गरज सरो, वैद्य मरो, हे आपल्याकडे ज्यानं म्हणून ठेवलंय त्यानं ती प्रयोगशाळा बघितली असावी.

मृदुला परत पाळणाघरात जायला लागली. घरातली चिंच तिनं त्याच आठवड्यात काढली. जयंतीताईंना नेऊन दिली, मला नको म्हणाली. मी पहिल्यांदा तिची आमसुलाची आमटी खाल्ली तेव्हा काही बोलले नाही. यतीननं मात्र त्याचं केलंच. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात, जेवणं चालू असताना, त्यानं आठ-दहा पुरुषांच्या घोळक्यात ती गोष्ट रंगवून सांगितली. त्यात हिल्डेचा आवाज काढला, मृदुला चाळण्या कशी चकाकवते त्याची नक्कल केली, शेवटी म्हणाला, "आमच्या बायकोनं ख्रिस्ती लोकांना चिंचेची आमटी प्यायला लावली!" हशा पिकला. मृदुला पलीकडे पंगतीत पाण्याचे ग्लास ठेवत होती. ती ग्लास ठेवत राहिली, एकेक, नीट रांगेत. मी हातातली वाटी टेबलावर आपटली आणि यतीनला म्हटलं, "तुझ्या टीमचे बग मी वाचून दाखवू का सगळ्यांना? माझ्याकडे येतात ते." सलोनी बापाकडे बघून म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट फनी." घोळका पांगला. घरी जाताना मृदुला मलाच म्हणाली, "कशाला गं बोललीस? त्यांना हसून बरं वाटत होतं."

पुढच्या उन्हाळ्यात हिल्डेची मंडळी परत टेकडीवर गेली. कुंडाचा गिलावा नव्यानं काढला, नव्या पोलादी चाळण्या घेतल्या, वाळूची परीक्षा आधी केली. आणि बातमी आली. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी ती टाकली, वर लिहिलं, मृदुला ही तुझीच लॅब ना, अभिनंदन! कुंडात द्राक्षरसच होता. नवं सगळं निर्मळ, आणि तरीही द्राक्षच. हिल्डे पहिल्यापासून बरोबर होती. मृदुलानं चाळलेल्या त्या जुन्या पुडीतही वाईन होतीच, वर चिंच बसली होती इतकंच.

मी जिन्यानं वर पळाले. मला वाटलं ही कोसळलेली असणार. तर दार उघडून ही माझ्यासमोर उभी, डोळे भरलेले, आणि हसतेय. "वाईनच होती गं. शलाका, वाईनच होती!" तिनं माझे दोन्ही हात धरले. पुन्हा ते अनवाणी पाय, ती झिजलेली फरशी, सगळं सांगायला लागली. मला त्या क्षणी तिचा इतका राग आला की सांगता येत नाही, आणि मग माझाच आला.

मोठा प्रकल्प मिळाला. सहायकाची जागा निघाली. मृदुलानं अर्ज केला. हो, केला. मी नको म्हणत होते. उत्तर हिल्डेनं स्वतः लिहिलं, खूप प्रेमानं. तुझी पात्रता फारच चांगली आहे, पण. यावेळी ते मृदुलानं मला वाचून दाखवलं. पण या कामाला प्रयोगशाळेतल्या शिस्तीचा सिद्ध अनुभव असलेली व्यक्ती हवी आहे.

यंदा त्या टेकडीवरच्या वस्तूंचं इथल्या संग्रहालयात प्रदर्शन भरलं. मृदुला म्हणाली, "जाऊ या ना. फरशी तरी बघेन, मोठ्या फोटोत." सलोनीला विचारलं तर ती म्हणाली, "आय हॅव अ टेस्ट." म्हणून आम्ही दोघीच गेलो. आत सगळं फार सुंदर मांडलं होतं. भिंतभर फरशीचा फोटो, मध्ये खरंच खोलगट झिजलेली. मृदुला तिच्यासमोर बराच वेळ उभी होती. काचेत रांजणाची खापरं होती. त्यातलं एक बघून म्हणाली, "हे माझ्या हातातून गेलंय." शेजारी कुंडाच्या काठाचा तुकडा होता, क्रूस कोरलेला, लहानसा आणि जरा वाकडा.

पुढच्या खोलीत एक छोटी काचेची पेटी होती. आत एक पितळी चाळणी, आणि तिच्याशेजारी चिंचेचं एक वाळलेलं बुटूक, पांढऱ्या कापडावर ठेवलेलं. वर पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, विज्ञान स्वतःची चूक स्वतः सुधारतं. खाली डचमध्ये चार ओळी. मला डच जेमतेम येतं, मृदुलानं वाचून सांगितलं, अगदी सपाट आवाजात. एका स्वयंसेवकानं घरगुती पद्धतीनं उपकरणं साफ केल्यामुळे सुरुवातीचे निष्कर्ष सदोष ठरले. संशोधक चमूच्या सावधगिरीमुळे ही चूक वेळेवर लक्षात आली.

"काय?" मी म्हटलं. "पुन्हा वाच. कुणाच्या?"

"चमूच्या," मृदुला म्हणाली.

मी तिथेच तोंड उघडणार होते. खरं सांगते, त्या संग्रहालयाचं छत उडालं असतं. पण तेवढ्यात छातीवर बिल्ला लावलेले एक म्हातारे डच गृहस्थ आमच्याकडे आले. मार्गदर्शक होते. निवृत्त शिक्षक, इथे स्वयंसेवक म्हणून येतो, असं त्यांनी आपणहून सांगितलं. चेहरा फार भला होता. मृदुला चाळणीकडे वाकून बघत होती. कड अजून चकाकत होती, पण खाचेपाशी परत काळं धरायला लागलं होतं.

"ही गोष्ट मला सगळ्यात आवडते," ते मृदुलाला म्हणाले. "कल्पना करा, कुणीतरी या चाळण्या चिंचेनं घासल्या! आणि या लोकांनी ते शोधून काढलं. किती हुशार असतील."

"फार हुशार," मृदुला म्हणाली. तिचं डच इतकं स्वच्छ आहे की ते गृहस्थ खूश झाले.

"तुम्ही भारतातल्या का? मग हे फळ तुम्हाला माहीत असेल. तुमच्या घरी वापरता का?"

मृदुला सरळ उभी राहिली. पर्स खांद्यावर नीट केली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "आमच्या घरी चिंच नसते."